मागच्या सीटवरची सिस्टर

ब्रेकताईंना खरं नाव आहे, पण ते बहुधा त्यांच्या बँकेलाच ठाऊक असावं. आम्हा शिकाऊ मंडळींच्या लेखी त्या ब्रेकताईच. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि ताईंचा पाय त्यावर इतका तयार असे, की समोरच्या सायकलवाल्याला आपण मरता मरता वाचलो हे घरी गेल्यावरही कळत नसे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी किरकोळ, आवाज बारीक. त्यांची एक पोटरी दुसरीपेक्षा जाड आहे, आणि हे त्या स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगतात.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. जगाला लांबचं नीट दिसावं म्हणून झटणाऱ्या बाईला समोरचा खांब दिसत नाही, यावर माझ्या वडिलांनी पुरेसे विनोद करून झाले आहेत. त्यांचे गुडघे गेले, त्यांची गाडी खाली धूळ खात उभी राहिली, आणि त्यांना व्यायामाला न्यायला मी दर आठवड्याला अर्ध्या रजा टाकू लागले. दुकानाच्या मालकिणीने तोंड वाकडं केलं तेव्हा मी नाइलाजाने ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. हौस नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्याच दिवशी मी सीटवर बसले, आरसा नीट केला, तर आरशात रस्त्याऐवजी एक आजीबाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पाठ ताठ, मांडीवर पर्स. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "पोट साफ झालं का?"

मी ताईंकडे पाहिलं. ताई समोर बघतच म्हणाल्या, "हो म्हण, आणि क्लच दाब."

ही त्यांची आई. जन्मभर मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर होती. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली, पण अलीकडे डोक्यातली वर्षं मागेपुढे व्हायला लागली आणि आई पुन्हा ड्यूटीवर रुजू झाली. सकाळी, कधी मध्यरात्रीही उठायची, अंबाडा घालायची आणि जे दार उघडं सापडेल त्या दारातून बाहेर. एकदा शेजारच्या इमारतीत एका बँक मॅनेजरला अंथरुणावर झोपवून त्याची नाडी बघत बसलेली सापडली. मॅनेजर बिचारा गप्प पडून होता. त्याला म्हणे बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कसं वाटतंय म्हणून विचारलं होतं.

सांभाळायला ठेवलेल्या बायका टिकत नव्हत्या. एकीला आईने पलंगाच्या चादरीचे कोपरे नीट नाहीत म्हणून मेमो दिला, दुसरीला कामावरून काढूनच टाकलं. ताई एकट्या. भाऊ दूरच्या शहरात, आणि दर रविवारी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला असं ठेव, तसं ठेव, बदाम दे. हल्ली त्याने आईला ठेवायला एक संस्था बघून ठेवली होती. छान जागा आहे, मोठी बाग आहे, असं तो सांगायचा.

"बागेत काय करणार ती?" ताई मला म्हणाल्या होत्या. "झाडांची नाडी बघणार?"

मग एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली. चालत्या गाडीत आई हलत नाही. खिडकीबाहेर बघत, तब्येतीत, तासन्‌तास बसते. तिला वाटतं आपण राउंडवर आहोत. झालं, ताईंनी स्कूलच्या मालकांना गळ घातली. मालक म्हणजे मिशीला तेल लावणारा, कुणालाही नाही म्हणायला घाबरणारा आणि मागून कुरकुरणारा माणूस. एका आठवड्यापुरती परवानगी मिळाली, आणि तो आठवडा वर्षभर चालला.

आता गंमत अशी, की ताई शिकवताना फार बोलत नाहीत. आई मात्र एक क्षण गप्प बसत नसे. गाडी मागे घ्यायची वेळ आली की मागून हुकूम सुटायचा, "आधी बघ. न बघता सुई टोचतात का?" चढावर गाडी थांबली की, "घाबरू नकोस, काही दुखणार नाही, श्वास घे, आता सोड." मी श्वास सोडायची, क्लच सोडायची, आणि गाडी गुमान वर चढायची. वळणावर हात घट्ट आवळले की, "सैल सोड हात, शीर सापडत नाहीये." मी हसून हसून स्टिअरिंगवर कोसळायची, ताई ब्रेक मारायच्या, आणि आई मागून म्हणायची, हिला वातावर काहीतरी द्या. दुकानात दिवसभर लोकांचे नाकडोळे मोजून वैतागलेली मी त्या तासाची वाट बघायला लागले. घरी वडिलांचं पोट साफ झालं का तेही विचारायला लागले. ते म्हणाले, तू गाडी शिकतेस की आणखी काही?

आणि इथेच घोळ झाला. एका परीक्षेला आमच्या स्कूलचे तीन शिकाऊ गेले आणि तिघेही आपटले. तिघेही गाडी मागे घेताना न बघता गेले. एकाने तर तिथला फलकच पाडला. मालकांनी कारण विचारलं, तेव्हा तिघांनीही प्रामाणिकपणे सांगितलं, की मागून कुणी बघ म्हणालंच नाही. परीक्षेला गाडीत फक्त परीक्षक असतो. आई मैदानाच्या कडेला बाकावर. आम्ही सगळे गाडी शिकलोच नव्हतो, आम्ही आईचं ऐकायला शिकलो होतो.

मालकांचं धाडस एकदम वाढलं. त्यांनी ताईंना ऑफिसात बोलावलं आणि सुनावलं, की पुढच्या परीक्षेला जो कोणी शिकाऊ असेल तो पास झाला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून आई गाडीत दिसता कामा नये. पुढच्या परीक्षेला मी होते. एकटी मीच. स्कूलच्या इतिहासात माझ्याइतका ढ विद्यार्थी झालेला नाही, हे मालकांनाही माहीत होतं आणि मलाही.

ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती. आवाज नेहमीसारखाच बारीक. "तू पास झालीस तर आई गाडीत. नाहीतर मी घरात. तिला त्या संस्थेत पाठवणार नाही मी. मग खायचं काय, ते मला विचारू नकोस."

मागून आई म्हणाली, हिचा रंग बघा कसा उडालाय, पाय वर करून झोपवा. सिग्नल सुटला आणि मी गाडी बंद पाडली.

परीक्षेच्या दिवशी मी रंगीत साडी नेसू की नको इथपासून सुरुवात केली आणि शेवटी ड्रेसच घालून गेले. मैदानाच्या कडेला बाकावर ताई, शेजारी आई, आणि जरा लांब मालक, मिशीवरून हात फिरवत. परीक्षक साहेब गाडीत येऊन बसले. चेहरा असा, की हा माणूस लहानपणी तरी हसला होता का अशी शंका यावी. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तयार?"

आता मी काय सांगू. भीतीने माझं डोकं रिकामं झालं होतं, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी जे एकच वाक्य मला माहीत होतं ते तोंडून सुटलं. "पोट साफ झालं का?"

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, तो थांबला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं, समोर काचेतून लांबवर बघितलं आणि हळूच म्हणाले, "परवापासून नाही."

"रात्री कोमट पाणी घेत जा," मी म्हणाले. तेही आईचंच.

"बरं," साहेब म्हणाले. "चला."

त्यानंतर मी जी सुटले ती सुटलेच. भीड अशी चेपली, की आई नाही तर नाही, तिचे सगळे संवाद मी एकटीच म्हणायला लागले. आधी बघ, न बघता सुई टोचतात का. मी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, साहेबांनीही घाबरून मान वळवून बघितलं. चढावर मी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं की काही दुखणार नाही, श्वास घे, आता सोड. शेजारून साहेबांनी सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. गाडी रेषेत उभी राहिली. एकही फलक पडला नाही. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

पास. मी उतरले आणि धावत जाऊन ताईंना मिठी मारली, मग आईला, आणि त्या भरात मालकांनाही मारणार होते, पण त्यांनी पर्स आडवी धरली. कुणाची ते नंतर कळलं, आईची होती. मालक खुशीने फुगले होते. साहेब सही करताना सहज म्हणाले, की ही शिकवायची पद्धत काही वेगळीच दिसते. बस, मालकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी छाती पुढे काढली आणि ऐटीत सांगितलं, की आमची खास पद्धत आहे साहेब, शिकवताना मागच्या सीटवर एक अनुभवी सिस्टर बसवतो.

साहेबांचं पेन थांबलं. "शिकाऊ गाडीत तिसरं माणूस चालत नाही," ते म्हणाले. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. ते वाक्य त्यांनी नुसतं ठेवून दिलं. आजपासून बंद करा म्हणाले.

मालकांची मिशी खाली आली. मला त्यांना तिथेच बडवावंसं वाटलं. ताईंनी आईचा हात धरला आणि तिच्या पदराची पिन नीट करत बसल्या. ती पिन नीटच होती. मी पास झाले होते आणि ताईंचं सगळं गेलं होतं, आणि रडायच्या आधी माणसाला जो राग येतो तो मला आला. त्या रागात मी साहेबांना विचारलं, "आणि लायसन्स असलेल्याच्या गाडीत?"

"लायसन्स असलेल्याने मागे हत्ती बसवावा," साहेब म्हणाले. "आमचं काही म्हणणं नाही."

वडिलांच्या गाडीत आईंना मी मागे बसवते म्हटलं, तर ताईंना आधी पटेना. लोकांच्या गळ्यात आपली आई मारायची नाही, असं त्या म्हणत राहिल्या. कुणी कुणाचं किती करायचं, उपकार फेडायचे कसे, असं सगळं. मला चीड आली. म्हटलं, "ताई, उपकार कसले? नवं लायसन्स घेऊन एकटं रस्त्यावर जायला माझे पाय लटपटतात. मागून कुणीतरी 'आधी बघ' म्हणायला हवंय मला. तुम्ही तर येणार नाही. मग आईंना द्या."

ताई म्हणाल्या, "दुपारची झोप चुकवायची नाही तिची."

मी जुन्या शिकाऊंना फोन केले. निम्म्यांनी लायसन्स कपाटात ठेवून दिलं होतं, भीतीपायी. आई मागे बसणार म्हटल्यावर सगळे धावत आले. आता वार ठरलेले आहेत. रंगाऱ्याचा एक, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा एक, तो फलक पाडणारा पुढच्या खेपेला पास झाला, त्याचाही एक. माझ्या वाराला वडील पुढे बसतात आणि व्यायामाला जाईपर्यंत आईंच्या हाताखाली पेशंट असतात. त्यांना कुणीतरी दटावतंय हे बघून मला जो आनंद होतो तो मी लपवत नाही. सगळं सुरळीत आहे असं नाही. एकदा रंगाऱ्याने सिग्नलला गाडी थांबवली तर आईंनी दार उघडून शेजारच्या टॅक्सीतल्या माणसाची जीभ बघितली. तेव्हापासून मागच्या दाराला लहान मुलांचं लॉक असतं. भावाने संस्थेतली जागा सोडून दिली, आणि अजूनही रविवारी फोनवर बदाम सांगतो.

परवा सुट्टी होती. मी ताईंना म्हटलं, आज तुम्हीही चला, मागे बसा, एकदा तरी दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसून बघा. वडील घरीच राहिले. ताई आईंशेजारी बसल्या, आणि सुरुवातीला प्रत्येक वळणावर त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबलेला मला ऐकू येत होता. मी म्हटलं, ताई, तिथे ब्रेक नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे मला. आणखी दोन-तीन वळणं झाली. मग आवाज थांबला.

आरशात बघितलं तर ताई झोपलेल्या. तोंड जरासं उघडं, चष्मा घसरलेला, डोकं आईंच्या खांद्यावर. इतक्या दिवसांत या बाईची पाठ मी एकदाही सीटला टेकलेली पाहिली नव्हती. आईंनी त्यांचा चष्मा हलकेच काढून पर्समध्ये ठेवला. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आईंनी आरशातून माझ्याकडे रोखून बघितलं. तो वॉर्डभर ऐकू जाणारा आवाज इतका खाली आला, की मला नीट ऐकायला गाडी हळू करावी लागली.

"हॉर्न वाजवू नकोस," त्या म्हणाल्या. "पोरगी रात्रपाळी करून आलीय. रोजच करते."

ताईंच्या घराकडे जायचं वळण आलं. मी आधी आरशात बघितलं, मग मागे बघितलं, आणि सरळ पुढे गेले.