राधाला बोलवा

"राधाला बोलवा."

डॉक्टरसाहेब एवढंच बोलले. हात वर धरलेले, बोटांना पू लागलेला. मी समोर हात धुवायची चिलमची घेऊन उभी. चिलमचीत लोशनचं पाणी, माझ्या खांद्यावर धुतलेला टॉवेल. सगळा वॉर्ड बघत होता.

राउंडला एक नर्स चिलमची धरून मागे चालायची. साहेबांनी पेशंट तपासला की तिने पुढे व्हायचं, साहेबांनी हात बुडवायचे. हे काम राधाचं, म्हणजे तेल्याच्या पोरीचं. मी महाराची. माझ्याकडे सडलेल्या जखमा, बेडपॅन, अडलेली बाळंतपणं. त्या दिवशी राधा दुसऱ्या वॉर्डात अडकली होती, म्हणून चिलमची मी उचलली. काम समोर दिसलं, केलं. दुसरं काही मनात नव्हतं.

राधा पळत आली. माझ्या हातातून चिलमची घेतली. पाणी मोरीत ओतलं, चिलमची राखेने घासली, नवं पाणी भरलं. तोवर साहेब हात वर धरून उभेच. मग त्यांनी हात धुतले. मी टॉवेल खांद्यावर घेऊन तशीच. टॉवेलही कुणी घेतला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. चांदा जिल्ह्यातलं समजा. असे दवाखाने तेव्हा बरेच होते आणि असे साहेबही.

त्या दिवशी राउंडला एक पाहुणी होती, एल्सा. दूरच्या देशातली नर्स. त्या देशाचं नाव मला तेव्हा नीट म्हणताही येत नव्हतं. तिकडच्या नर्सांच्या संघटनेने तिला आपल्याकडचे दवाखाने बघायला धाडलं होतं. आमच्या मोठ्या सिस्टर मार्थाबाई मिशनमध्ये शिकलेल्या, त्यांना इंग्रजी येई. एल्साने त्यांना विचारलं, पाणी का फेकलं? मार्थाबाई म्हणाल्या, गार झालं होतं.

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. अपमानापेक्षा ते गार पाणी मला जास्त झोंबलं.

"तिले खरं सांगा, बाई," मी म्हटलं.

"गप राय. आपलीच लाज निघते."

"लाज माही नाई. ज्याची हाय त्याची निघू द्या."

मार्थाबाई एल्साकडे वळल्या. खरं काय ते सांगितलं. एल्साचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ही माझे हात हातात घेईल, अरेरे म्हणेल. तसलं तिने काही केलं नाही. तिने विचारलं, "मग तुमची संघटना काय म्हणाली?"

आमची संघटना नव्हती. नर्सांची असते, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला मात्र वाटत होतं की असणारच, आणि माझ्या बाजूने कुणीतरी काहीतरी बोललंच असणार. मग ती मोटारीत बसून गेली. मला तिचा रागही आला. तिला काय, प्रश्न विचारून गेली. संध्याकाळी पाय सुजलेले, पाठ मोडलेली, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझा अपमान मी आजवर एकटीच गिळत आले होते. तो चौघींचा असू शकतो, हे कधी सुचलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही मार्थाबाईंच्या क्वार्टरमागे मोहाच्या झाडाखाली बसलो. राधाही आली.

"पानी मीनंच फेकलं," ती म्हणाली. "नोकरी जाईन म्हून फेकलं."

"मले ठाव हाय," मी म्हटलं. ठाऊक होतं, तरी राग होताच. तो अजून पुरता गेलेला नाही.

त्या दिवशी आम्ही एकच ठरवलं. चिलमची यापुढे कुणीच धरायची नाही. ती स्टुलावर ठेवायची. साहेब दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी वाकून हात धुऊ लागले. स्टुलाला जात नव्हती. आमची संघटना तिथून सुरू झाली. मार्थाबाईंनी एल्साला तसं कळवलं.

वर्षभराने एल्साचं पत्र आलं. तिच्याकडे एका नर्सला उलट बोलली म्हणून काढलं होतं आणि बाकीच्यांनी काम बंद केलं होतं. जिथे जिथे नर्सा आहेत त्यांनी एक दिवस काळी फीत लावावी, एवढंच मागणं होतं. मार्थाबाईंच्या मोडक्या छत्रीचं कापड फाडून आम्ही फिती केल्या. रोज कुणी ना कुणी मरायचं, कुणीतरी आमच्यावर ओरडायचं. त्या दिवशी हेच रोजचं काम आम्ही दंडाला फीत लावून केलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर मलाच धरलं.

"कोण कुठल्या गोऱ्या बाया! तुझा काय संबंध? तिकडे तुझ्या जातीला विचारतं कोण?"

"तिनं माही जात नाई पुसली, साहेब. संघटना पुसली."

"फीत काढ. नाहीतर सिरोंच्याला जायची तयारी कर."

सिरोंचा म्हणजे जंगलापलीकडचा तेलुगू मुलूख. पावसाळ्यात रस्ता बंद. माझी आई आरमोरीला एकटी, दम्याने खोकत पडलेली. महिन्यातून एकदा तिला बघायला जायची, तेही तुटणार. हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं.

दुपारपर्यंत बाकीच्यांनी फिती काढल्या. राधाने काढली, तिची लेकरं लहान. मार्थाबाईंनी काढली, त्यांची पेन्शन जवळ आलेली. मी कुणाला बोल लावला नाही. बोल लावायलाही अंगात जोर लागतो, आणि मी थकून गेले होते. पण फीत काढायला हात उठेना. त्या दूरच्या बायकांचा काही उपयोग होणार होता का? कदाचित नसेल. तिकडे त्या एकट्या पडल्या नाहीत, एवढं त्यांना कळलं तर पुरे होतं. एकटं पडणं काय असतं, ते मला माहीत होतं.

बदलीचा हुकूम आठवड्यातच आला. आईला बहिणीकडे ठेवलं. आई रडली. मीही रडले. थांबले मात्र नाही.

सिरोंच्याच्या दवाखान्यात दोनच नर्सा आहेत, असं कळलं. एकीला तर मराठीही येत नाही म्हणे. मी धरून तिघी होऊ. संघटनेला तेवढ्या पुरतात.