शेंदराखालची पाटी

खोटं बोलायचंच झालं तर एका शब्दात बोलावं, निदान पुढं लक्षात तरी राहतं. माझं खोटं एका शब्दाचंच होतं. "येते." वरच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "जीप चालवता येते का?" आणि मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "येते."

कुठली येते! तोवर मी आयुष्यात दगडाची लॉरी सोडून काही हाकलं नव्हतं. कांदिवलीच्या खाणीवरून दगड भरायचा, गोरेगावात ओतायचा, परत जायचं. जीप मी पाहिली होती ती मिलिटरीच्या रांगेत जाताना, रस्त्याच्या कडेला उभा राहून. पण अंधेरीच्या दवाखान्यात नवी कोरी जीप यायची होती, तिच्यावर तात्पुरता ड्रायव्हर हवा होता, आणि मला नोकरी हवी होती. पन्नास सालानंतरचे ते दिवस. लायसन होतं, दोन हात होते, बाकी देव बघून घेईल म्हटलं.

आता नोकरी कुणाला नको असते? पण माझं जरा वेगळं होतं. बायको गावाला होती, मालवणाकडे. लग्न झाल्यावर एकदा तिला मुंबईला आणली होती. तीन महिन्यांत लॉरीवाल्या शेटनं मला काढून टाकलं आणि मी तिला बोटीत बसवून परत धाडली. धक्क्यावर ती एक शब्द बोलली नाही. रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती. मी जोगेश्वरीला आमच्या गाववाल्यांच्या खोलीत आठ जणांत झोपत होतो, आणि दवाखान्याच्या मागं एक खोली होती, ती पक्क्या ड्रायव्हरला मिळायची. खिडकी होती तिला, बाहेर शेवग्याचं झाड होतं. मी येता-जाता त्या खोलीच्या कुलपाकडं बघायचो. महिनाभर माझं काम पाहून डॉक्टरीणबाई वर रिपोर्ट लिहिणार, त्यावर नोकरी पक्की होणार, नाहीतर पुन्हा खाणीवर दगड.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या. पांढरी पाचवारी, पायात पुरुषी बूट, बोलणं पुण्याकडचं, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. एरवी मला अरे-तुरे करायच्या. पण रागावल्या की 'तू'वरून एकदम 'आपण'वर यायच्या. "आपण कुठे होता?" असं ऐकलं की समजायचं, आज काही खरं नाही.

जीप आली. काय सांगू, नवरीसारखी गाडी! पण स्टिअरिंग डावीकडं. लॉरीत जन्म उजवीकडं गेलेला, पहिल्या दिवशी दोनदा चुकीच्या बाजूनं चढलो. तेही एक वेळ जमलं. खाली मात्र तीन दांडे होते. मोठा गिअरचा, तो ओळखीचा. त्याच्या बगलेत दोन लहान होते, ते कशाचे ते देवाला ठाऊक. जो माणूस गाडी पोचवायला आला होता त्याला विचारता आलं असतं. पण विचारलं की तो म्हणणार, "जीप येते ना तुला?" झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्या दोन दांड्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि गाडी मोठ्या दांड्यावर अंधेरी ते बोरिवली मस्त पळत होती.

चार-पाच दिवसांनी दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा नाही करायची तर कधी करायची? मी पहाटे गाडी धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. बाईंच्या सीटसमोर धातूची एक चकचकीत पाटी बसवलेली होती, इंग्रजीत काहीबाही बारीक लिहिलेली. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला. मला वाटलं, गाडी बनवणाऱ्यांचं नाव-गाव असेल. जागा देवाला अगदी झकास होती. मारुतीच्या देवळातून तेलात कालवलेला शेंदूर आणला होता, तो बोटांनी पाटीवर चांगला थापला, त्यात स्वस्तिक काढलं, अक्षता चिकटवल्या. वर एक फूल. नमस्कार केला आणि म्हटलं, एवढा महिना काढ बाबा.

बाईंनी दुसऱ्या दिवशी ते पाहिलं, आणि भुवया वर केल्या.

आणि त्याच आठवड्यात दिंडोशीच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर जायचं निघालं. पोरांना देवी काढायच्या होत्या. म्हणजे टोचायचं होतं, देवीची साथ येऊ नये म्हणून. आधी बाई तिथं पायी जायच्या, शिपायाच्या डोक्यावर पेटी देऊन. आता म्हणाल्या, "जीप कशाला दिली आहे सरकारनं? आज थेट पाड्यापर्यंत गाडी न्यायची." मी म्हटलं, "नेऊ की!"

रस्ता संपला, मग बैलगाडीची वाट संपली, आणि पुढं नुसती भातखाचरं. हस्ताचा पाऊस दोन दिवस कोसळून गेला होता. बांधाच्या कडेनं एक पट्टा मोकळा होता, वरून सुकलेला दिसायचा. मी गाडी त्यावर घातली. पन्नास पावलं गेलो असेन. मागची बाजू अचानक खाली बसली. म्हशीनं डबक्यात बसावं तशी. मी गॅस दिला. इंजिन बोंबललं, मागची चाकं गरगरली, बांधापर्यंत चिखल उडाला, आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. पुन्हा दिला. पुन्हा वीतभर.

बाई खाली उतरल्या. बुटांसकट नडगीभर चिखलात उभ्या राहून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"पुढची चाकं का फिरत नाहीत?"

"पुढची चाकं फिरत नसतात, बाई," मी समजावून सांगितलं. "मागची ढकलतात, पुढची नुसती वळतात. सगळ्या गाड्यांचं तसंच असतं."

माझी अक्कल पाहा! चारी चाकं ओढणारी गाडी म्हणून जी आणली होती, तिच्यात बसून मी हे सांगत होतो.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ही गाडी चारी चाकांनी चालते म्हणून तर मागवली. आपल्याला ठाऊक नाही?"

आपल्याला! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात खाचरात कापणी करणारा एक म्हातारा विळा कमरेला खोचून आला. चिलीम ओढत त्यानं गाडी नीट पाहून घेतली. "बैल आणू का, बाई? दोन जोड्या लावल्या की निघंल." मागं चार बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी म्हटलं, "आणा! आणा हो, लवकर आणा!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "सरकारची नवी जीप पाड्याच्या पहिल्याच फेरीला बैलांनी ओढून काढली, तर ते मला रिपोर्टात लिहावं लागेल. न लिहून कसं चालेल? उद्या सगळ्या अंधेरीला कळणारच आहे." त्या दमदाटी करत नव्हत्या हो. जे करावं लागणार तेच सांगत होत्या, म्हणून जास्त भीती वाटली. माझ्या डोळ्यांसमोर ती कुलूप लावलेली खोली आली, शेवग्याचं झाड आलं, आणि बोटीचा धक्का आला, तिच्या त्या गप्प तोंडासकट. संपलं, म्हटलं. वाट लागली.

"हे लहान दांडे कशाचे?"

मी मान खाली घातली. "माहीत नाही, बाई."

"कुठंतरी लिहिलेलं असेल की. सूचनांची पाटी असते." त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या देवावर गेली आणि तिथंच थांबली. "ह्याच्या खाली काय आहे?"

"ती गाडीच्या नावाची..." एवढं बोललो आणि माझं मलाच कळलं. आई गं! ज्या एका जागी ते दांडे कसे टाकायचे ते लिहिलं होतं, नेमकं तिथंच मी शेंदूर थापला होता. गाडीभर दुसरी जागा नव्हती मला!

बाईंनी पदराच्या टोकानं घासून पाहिलं. सुकलेला शेंदूर तो, हलेना. मग त्यांनी पेटी उघडली, कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "पूजा तू केलीस. पूसही तूच."

दसऱ्याचं स्वस्तिक चार दिवसांत पुसायचं, तेही टोचायच्या स्पिरिटनं! लोक अडचणीत देव पाण्यात घालून बसतात, मी स्पिरिटात घातला. गावच्या रवळनाथाला मनात म्हटलं, लेकरू चुकलं, पोटात घाल. आणि पुसत सुटलो. आधी लाल ओघळ आले, मग अक्षता सुटल्या, मग खालून एकेक इंग्रजी अक्षर वर यायला लागलं. बाई वाकून वाचत होत्या. त्यांनाही त्यातलं निम्मंच कळत असावं, कारण दोनदा "म्हणजे काय?" असं स्वतःलाच विचारलं.

"क्लच दाब. आता हा पहिला लहान दांडा मागं ओढ. मग पुढची चाकं लागतील असं म्हणतोय."

ओढला. खट्.

"आता दुसरा पुढं."

दुसरा मी भीत भीत ढकलला आणि गॅस दिला. इंजिन मोठ्यानं ओरडलं, पण एकही चाक हलेना. मागचीसुद्धा नाहीत! आधी निदान दोन फिरत होती. म्हाताऱ्यानं चिलीम तोंडातून काढली आणि म्हणाला, "बैल आणतोच मी." आणि निघालाच.

"अर्धाच ढकललास," बाई पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या. "मध्ये एक रिकामी जागा दाखवली आहे. पूर्ण टाक. घाबरतोस काय? मोडला तर मी बघेन."

मोडला तर मी बघेन. हे वाक्य मला त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवंच होतं. दात-ओठ खाऊन दांडा शेवटपर्यंत टाकला. क्लच सोडला. आणि देवा शप्पथ सांगतो, पुढची चाकं फिरली! मी बाहेर डोकं काढून बघत होतो. आधी डावं, मग उजवं, चिखलात रुतत रुतत धरून राहिली. गाडीनं घाई केली नाही. गुडघे दुखणारी म्हातारी कठड्याला धरून जिना चढते तशी एकेक वीत वर आली, थरथरली आणि बांधावर सपाट उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते चिखलाच्या हातानंच पुसले. बाया टाळ्या वाजवत होत्या. म्हातारा एक बैलजोडी घेऊन अर्ध्या वाटेवर पोचला होता. जरा खट्टू झालेला दिसला.

पाडा दिसायला लागला तेव्हा बाईंनी विचारलं, "किती वर्षं जीप चालवतोस?"

आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "आठ दिवस, बाई. त्यातही चारी चाकांनी म्हणाल तर आत्तापासून."

"हं," म्हणाल्या आणि पेटी घेऊन उतरल्या.

त्या 'हं'वर मी दोन तास काढले. पोरं रडत होती, बाई दंडावर टोचत होत्या, आणि मी गाडीच्या बाजूला बसून त्या 'हं'चा अर्थ लावत होतो. परत निघताना त्या गाडीत बसल्या, हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, "त्याच वाटेनं चल. मी काही सांगणार नाही. पाटीकडंही बघायचं नाही." तो पट्टा आला. मी थांबलो, क्लच दाबला, एक मागं, दुसरा पुढं, शेवटपर्यंत. गाडी त्या चिखलातून गेली. हळूहळू गेली, पण कुठं अडली नाही. पलीकडं आल्यावर बाई पाटीला अजून चिकटलेली एक अक्षता नखानं काढत म्हणाल्या, "न येणं हा गुन्हा नाही रे. विचारायला जीभ झडली होती का?"

'रे' म्हणाल्या! मी तेवढ्यानंच निम्मा सुटलो.

महिना भरला. बाईंनी रिपोर्ट लिहून पाकीट बंद केलं आणि ते वरच्या कचेरीत पोचवायला मलाच दिलं. ड्रायव्हरनंच डाक न्यायची ना! खिशात तो कागद घेऊन मी पार्ल्यापर्यंत गाडी किती सांभाळून चालवली असेल. हेडक्लार्कनं माझ्यासमोर पाकीट फोडलं, वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाईंनी एकच ओळ लिहिली आहे. ड्रायव्हरला जीप येते, अडचणीच्या जागीसुद्धा येते, कायम करावा." मला खुर्ची नव्हती, म्हणून दाराच्या चौकटीला टेकलो.

घरी वडिलांच्या नावानं कार्ड टाकलं. बायकोला वेगळं पत्र लिहायची आमच्यात पद्धत नव्हती. लिहिलं, नोकरी कायम झाली, खोली मिळाली, हिला धाडून द्या.

बोट सकाळी लागली. उतारूंच्या गर्दीत मला आधी डोक्यावरचं मोठं गाठोडं दिसलं आणि मग त्याच्याखाली ती. दोन वर्षांत वाळली होती. मी पुढं झालो, गाठोडं घ्यायला हात वर केले. तिनं दिलं नाही. एका हातानं तसंच डोक्यावर धरून माझ्यासमोर उभी राहिली. आजूबाजूनं माणसं धक्के देत जात होती, हमाल ओरडत होते, तिला कशाचं काही नव्हतं.

"माका परत जावचा नाय मां आता?"

"नाय गो," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग गाठोडं खाली उतरवलं.