जावेच्या दुकानातली पोरांची नावं

माझी धाकटी जाऊ पालघरच्या बाजारात माझ्याशेजारी बसून सुकी मासळी विकायला शिकली. बाई पोराला घेऊन आली की त्याचं नाव विचारायचं, आवड विचारायची आणि त्याच्या नावानं मूठभर जवळा वर टाकायचा, ही आमची सातपाटीची रीत मीच तिला दाखवली. पुढे तिनं इंटरनेटवर दुकान काढलं आणि माझी रीत उचलून तिकडे नेली. पोरांनी फोनवर नाव, वाढदिवस, शाळा, आवड आणि आईबापाचा नंबर भरायचा; वाढदिवसाला पार्सलमध्ये जवळ्याची पुडी फुकट. बोईसरच्या कॉलनीतली माझी गिऱ्हाइकं एकेक करून तिच्याकडे गेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या पार्सलांचा टेम्पो दिसला तरी मी तोंड फिरवायचे.

मग मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये एका बाईंनी आम्हाला नवा कायदा समजावला. ऑनलाइन विकणाऱ्यानं अठराच्या आतल्या पोरांची माहिती आईबापाच्या परवानगीशिवाय ठेवायची नाही. परवानगी देणारा खरंच आईबाप आहे का, तेही तपासायचं. पोरांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बरी जिरेल हिची, म्हणत मी थेट तिचं घर गाठलं.

ती त्याच कामात होती. एकेका आईला फोन लावत होती. आई हो म्हणाली तर पोराचं नाव यादीत ठेवायचं, नाही म्हणाली तर पुसायचं. माझा सगळा जोर ओसरला.

“ताई, तुजीच वाट बगत व्हते,” म्हणत तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचं नाव होतं. आवड: काकीच्या हातची जवळ्याची चटणी. माझ्या घरात ही पोरगी जवळ्याला हात लावत नाही. आणि आईबापाच्या नंबराच्या जागी पोरीनं काकीचा नंबर घातला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“मी हो म्हनले असते,” जाऊ म्हणाली. तिला मूलबाळ नाही. “पन माजं चालत नाय. आईच लागते. ठेवू का?”

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. गिऱ्हाइकं नेली तीही न विचारता.

“पूस,” मी म्हटलं, आणि ती पुसेपर्यंत तिथून हलले नाही.