आई-बाबांचा जोडफोटो

प्रविणने पेणबाहेरच्या नव्या कॉलनीत रो-हाऊस घेतलं आणि हौस म्हणून काही शिल्लक ठेवली नाही. छतात निळे दिवे, दारात फायबरचे पांढरे घोडे, जिन्याखाली विजेवर वाहणारा धबधबा. त्याची आई गोदूबाई दिसेल तेव्हा त्या धबधब्याचं बटण बंद करायची. सगळा जन्म मिठागरात गेलेला. पाणी उगाच वाहताना तिला बघवत नसे. बाकी कौतुक मात्र गावभर. पोरगा रोह्याला कंपनीत शिफ्टा करून एवढं उभं करतो, तर असेनात का घोडे!

वास्तुशांतीला पाहुणे जेवून उठले तसं प्रविणने आईला हॉलमध्ये बोलावलं, तिच्या हातात हार दिला आणि भिंतीवरचा पडदा ओढला.

भिंतभर फोटो. मागे बर्फाचे डोंगर, तळ्यात हंस. मधोमध गोदूबाई, गोरीपान, जन्मात न नेसलेल्या पैठणीत. तिच्या खांद्यावर हात टाकून सूट-टायमधला एक रुबाबदार पुरुष.

"आई, बाबा!" प्रविण फोटोकडे बोट दाखवत म्हणाला. "काय जोडा शोभतो गो!" करत बायका पुढे सरसावल्या.

गोदूबाईने हार तसाच धरून फोटो निरखून पाहिला. तो तिचा नवरा नव्हताच. तो आरोन होता.

आरोन म्हणजे शेजारच्या यहुदी घरातला, तिचा मानलेला भाऊ. तो कायमचा इस्रायलला निघाला तेव्हा फोटोवाला बोलावून मिठागराच्या बांधावर सगळ्यांचा एक फोटो काढला होता. सासऱ्यादेखत नवऱ्याला खेटून कशी उभी राहणार? म्हणून ती भावाच्या बाजूला उभी राहिली आणि नवरा मोरू पार दुसऱ्या टोकाला. पुढच्याच वर्षी मोरू साप चावून गेला. प्रविण तेव्हा पाळण्यात. फोटो बघितला की जीव कासावीस व्हायचा, म्हणून तिने तो ट्रंकेच्या तळाशी घातला आणि कधी कुणाला दाखवला नाही. प्रविणने तो गुपचूप काढला होता. आईच्या शेजारी उभा तोच बाप, आजकालची पोरं दुसरं काय धरणार!

"प्रविणा, ह्यो तुझा बापूस नाय रे," ती कशीबशी म्हणाली. "आरोनमामा हाय ह्यो. माझा भाऊस."

सून दिपिकाने धावत जाऊन गाणी बंद केली.

"जुना फोटो आण. त्यात टोकाला हाय तुझा बापूस. दाखवतंय."

प्रविण पांढराफटक पडला. "तो फोटो नाय राह्यला, आई. बुरशीने पार गेलेला. स्टुडिओवाल्याने दोन चेहरे तेवढे कापून घेतले. बाकीचा मीच सांगितला, फेकून दे."

गोदूबाई हार बाजूला ठेवून खाली बसली. मोरूचा दुसरा फोटो नव्हता. आता इथे त्याचं तोंड ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती.

प्रविण तिच्यापुढे जमिनीवर बसला. "मग तू सांग ना, आई. कसे दिसायचे बाबा? नाक, डोळे?"

तिने डोळे मिटले. बांध दिसला. सासरा दिसला. आरोन तर हसताना दिसला. टोकाला खांद्यावर फावडं घेऊन मोरू उभा होता, अंगावर तोच विटका सदरा, पण वर चेहरा काही केल्या येईना.

"सांग ना," प्रविण म्हणाला.

"मला दिसत नाय रे," गोदूबाई म्हणाली.