उंबऱ्यापासून काठापर्यंत

म्युनिकला आल्यावर पहिली काही वर्षं मी एका नदी-संशोधन संस्थेत दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे तपासायचो. नदी सायबेरियातली, समुद्राला मिळण्याआधी असंख्य फाट्यांत फुटणारी. तिथली जमीन म्हणजे गोठलेला चिखल. उन्हाळ्यात तो सुटतो आणि काठ ढासळतो. मी तिथं कधी गेलो नाही.

डॉक्टरेट करणारी नागपूरची एक मुलगी दर उन्हाळ्यात तिथल्या एका गावात जायची. नदीवरचा बर्फ फुटला की तिथले लोक आपापल्या उंबऱ्यापासून काठापर्यंत पावलं मोजून वहीत लिहितात. ती त्या वह्यांची नक्कल आणायची. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या वहीत होतं: बत्तीस, चोवीस, सोळा, आणि पुढच्या वर्षी एकदम तीस. ढासळलेला काठ परत वाढत नाही. मी त्याची ओळ खोडली. मुलगी तेव्हा सुट्टीवर घरी गेली होती. तक्ता त्याच आठवड्यात तिकडच्या सरकारकडं गेला. कुणाची घरं सरकारी खर्चानं उंचावर हलवायची, ते त्यावरून ठरणार होतं.

"काका, आजोबांची ओळ कुठंय?" आल्या आल्या तिनं विचारलं.

"अगं, तुझ्या आजोबांना मोजता येत नाही. सोळावरून तीस?"

"काठ नाही हलला हो, घर हललं!" ती हसली आणि मग हसायची थांबली. "ओंडक्यांवर चढवून सगळा गाव मागं ओढतो. बाकीच्यांवर अजून ती वेळ आली नव्हती, एवढंच. मला एक फोन करायचा होतात."

केला नव्हता. चूक आकड्यात दिसत असताना माणसाला कशाला विचारायचं, ही माझी शिस्त. मी दोनदा दुरुस्तीचं पत्र पाठवलं. यादी बंद झाल्याचं उत्तर आलं. "आल्झो," म्हणजे 'हे बघ', आमचे जर्मन साहेब म्हणाले, "एकच तर घर आहे."

पुढच्या तीन उन्हाळ्यांत यादीतली सगळी घरं दूर उंचावर गेली. काठावर म्हातारा आणि त्याची बायको उरली. घर ओढायला बारा माणसं लागतात.

"तुमच्यासाठी निरोप आहे," शेवटच्या फेरीहून आल्यावर मुलगी म्हणाली. मला वाटलं, शिव्या असतील.

"म्हणाले, त्या साहेबाला सांग, मला तिसापर्यंत मोजता येतं."

त्या वर्षीचा आकडा पाच होता. मी तो न तपासता तसाच भरला.