तुटलेला शिवदारा

गुरुशांत बिराजदारला सायकलवर घाई करताना कोणी पाहिलं नव्हतं. सात रस्त्याजवळचं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून दर माघात त्याची एक फेरी ठरलेली. तुळजापूर, येडशीजवळचं रामलिंगचं जंगल, तिथून नळदुर्गाचा किल्ला, मग बोरीच्या खोऱ्यानं अक्कलकोट, मैंदर्गी आणि शेवटी भीमा-सीनेच्या संगमावरून घरी. बरोबरची तरणी पोरं त्याला ‘बैलगाडी’ म्हणत. हा नुसता हसे. चिंचेची सावली दिसली की थांबे आणि मुक्कामाला सगळ्यांच्या मागून पोचे. मैंदर्गीला त्याची आई, कमलम्मा, वाट बघत बसलेली असे. ऐंशी ओलांडलेली बाई, पण लेक आल्याशिवाय ताटावर बसायची नाही.

यंदाही पोरं पुढं निघून गेली. मागं राहिली शालन, सरकारी दवाखान्यातली नर्स. अक्कलकोटच्या अलीकडे दोघं रसवंतीपाशी थांबली. ग्लास तोंडाला लावण्याआधी गुरुशांतनं सवयीनं गळ्याशी हात नेला आणि हात तिथंच राहिला. शिवदारा तुटला होता. दोऱ्यातली चांदीची डबी आणि तिच्यातलं इष्टलिंग, सगळंच गेलं होतं.

लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते त्याच्या अंगावर होतं. दोरा श्रावणात बदलायचा, तो राहून गेला; वरून पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन दिवस घासत होता. सायकलची चेन, टायर, सगळं नवं घालायला याला वेळ होता. दोऱ्याला तेवढा नव्हता!

दोघं उलटी फिरली. रस्त्याच्या कडेनं, वाळक्या गवतातून, ऊन डोक्यावर येईपर्यंत शोधत राहिली. काही मिळालं नाही.

“काका, आता पाणी प्या.”

“अंगावर लिंग न्हाय. पाणी कसं पिऊ?”

“आन् चक्कर येऊन पडलात म्हंजे? मला एकटीला उचलायचंय तुमाला. वजन बघा की जरा!”

तो हसला नाही. जुन्या काळी लिंग हरवलेला माणूस जीव ठेवत नसे, असं त्यानं आजोबांकडून ऐकलं होतं. आता तसं कोणी करत नाही. स्वामींकडून नवं लिंग घेतात, झालं. हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असलं म्हणून घोट घशाखाली उतरतो थोडाच!

दिवस कलता कलता दोघं मैंदर्गीत शिरली. दाराशी येताना गुरुशांतनं जर्सीची चेन हनुवटीपर्यंत ओढली. कमलम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो नुसता हातात धरला.

“उन्हातनं आलास, आन् गळा कशाला झाकलास?”

शालननं मान फिरवली. गुरुशांतनं चेन खाली ओढली.

“कुटं गेलं?”

“ठाव न्हाय, अव्वा.”

म्हातारी ना रडली, ना ओरडली. भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, “नीर कुडी, मगा. पाणी पी.”

“लिंगाबिगर?”

“तुझा निर्जळी उपास मी धरते. तुला नवं मिळेस्तवर माझ्या तोंडात थेंब जायचा न्हाय. तू पी.”

“आजी, तुमचं वय काय, बीपी काय!” शालन उसळली.

“तू गप गं. माझं मला कळतंय.”

“मग मीबी पीत न्हाय,” गुरुशांत म्हणाला.

“नगं पिऊ. कोण आदी जातंय, बघू की.”

ती थट्टा करत नव्हती. तिचे ओठ आधीच सुकलेले दिसत होते. गुरुशांतनं डोळे मिटून पाणी घेतलं. ते औषधासारखं घशात अडकत अडकत उतरलं.

नवं लिंग देणाऱ्या स्वामींचा मठ अक्कलकोटच्या वाटेवर होता; आई वाट बघत असेल म्हणून येताना तो तिथं थांबला नव्हता. त्यांचा फोन लागेना. पूजेला बसले की ते बंद ठेवत. शालन म्हातारीची नाडी धरून बसली. दारात शेजारच्या आबासाहेबांची मोटारसायकल उभी होती, पण ती मागायचं या शहाण्याला सुचलं नाही. तो सायकलवर बसून सुटलासुद्धा.

वेशीवरच्या पारावर पोरं पाय पसरून बसली होती.

“अरं, बैलगाडी पळाली की!” त्यातलं एक ओरडलं.

गुरुशांतनं मान वळवली नाही. पेडलवर उभा राहून तो चढ चढत होता आणि घरात आई पाण्याविना बसली होती.