सुबराव आप्पांचे प्रश्न

वडगावात आमच्या गल्लीत कुणाला खोकला झाला की माणूस आधी सुबराव आप्पांच्या दारात जायचा, मग मेडिकलमध्ये, आणि अगदीच गळ्याशी आलं तर सिव्हिलला. आता तसं राहिलेलं नाही. का राहिलं नाही ते सांगायचं तर बायाक्काचं सांगावं लागतं, आणि मला ते शांतपणे सांगता येणार नाही. जन्मभर शाळेत पोरांवर ओरडून घसा तयार झालाय. त्यात हा विषय निघाला की माझा पारा चढतोच. वाचली असती हो ती बाई.

आप्पा आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. घरात साड्यांचे दोन माग, ते चालू झाले की आमच्या फळीवरचे डबे थरथरतात. आप्पा मागावर, त्यांची बायको बायाक्का मागच्या खोलीत कांड्या भरायला. दिवसभर रिळावरचं सूत कांडीवर चढवायचं, एवढंच तिचं काम. एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी, ती खडेबाजारात साड्यांच्या दुकानात.

आप्पा डॉक्टर नव्हेत. प्रियदर्शनी तान्ही असताना तिला डांग्या खोकला झाला. पोर खोकून खोकून निळी पडायची. कुणीतरी सांगितलं म्हणून एका होमिओपॅथीवाल्याकडं नेली आणि त्याच्या गोळ्यांवर ती बरी झाली. गोळ्यांनी झाली की आपली आपण झाली, देव जाणे. पण आप्पांनी त्या दिवसापासून त्या गोळ्यांपुढं हात जोडले ते जोडलेच. मराठी पुस्तकं आणली, बाटल्यांची पेटी आणली, आणि माग बंद केला की बाहेरच्या सोप्यात चटई टाकून बसायला लागले. पैसे कधी घेतले नाहीत. कुणी नारळ आणला तर तोसुद्धा फोडून गल्लीतल्या पोरांना वाटायचे.

माणसं गोळ्यांसाठी यायची असं मला कधीच वाटलं नाही. ती यायची आप्पांच्या प्रश्नांसाठी. सरकारी दवाखान्यात डॉक्टर मान वर करायच्या आत चिठ्ठी लिहितो. त्याचंही खरं आहे म्हणा, बाहेर रांग केवढी असते. आप्पांकडं रांग नव्हती. समोरची जयाबाई एकदा खोकत आली तेव्हा मी तिथंच होते.

"खोकला पडल्यावर येतोय का चालताना?"

"पडल्यावर, आप्पा. उशीला डोकं टेकलं की सुरू."

"तहान?"

"लई."

"गार पाणी का कोमट?"

"गार."

"रडू येतंय का मधनंच? कुणी काय बोललं तर मनाला लागतंय?"

आणि जयाबाई सासूचं सगळं सांगत बसली. खोकला बाजूलाच राहिला. घरी जाताना मात्र चेहरा हलका झालेला. कांदा, कॉफी, कापूर बंद, गोळ्यांना हात लावायचा नाही, झाकणातनंच तोंडात टाकायच्या, असं सगळं बजावून आप्पांनी तिला बाटली दिली. मी म्हटलं, "आप्पा, खोकल्याचं औषध द्यायला सासू कशाला मध्ये?"

"बाई, खोकल्याला औषध नसतंय. माणसाला असतंय. धा जण खोकत आले तर धा जणांस्नी धा गोळ्या."

मलाही एकदा दिल्या होत्या. राग येतो का असं विचारलं, मी उत्तर द्यायच्या आत बायाक्का आतनं हसली आणि आप्पांनी बाटली काढली. खोकला गेला, राग तेवढा आहे अजून.

गेल्या थंडीत बायाक्का खोकायला लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. सुताचा धुरळा नाकातोंडात जातो, मागवाल्यांच्या घरात कोण ना कोण खोकतच असतं. आप्पांनी पेटी उघडली, एक बाटली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. चटई टाकली नाही, समोर बसवलं नाही. एक प्रश्न विचारला नाही. मी सहज म्हटलं, "हिची तपासणी नाही का?"

ते हसले. "हिला काय इचारायचं, बाई? लग्न झाल्यापास्नं बघतोय की. मऊ स्वभाव, डोळ्याला लगेच पाणी, तहान म्हणून कशी ती न्हाईच. पल्सेटिलाच्या गोळीची बाई हाय ही, पुस्तकात लिवल्यागत."

बायाक्का खाली मान घालून कांडी भरत होती.

खोकला वाढला. आप्पा खूश. होय, खूश! त्यांच्या पुस्तकात होतं म्हणे, औषध बरोबर लागलं की दुखणं आधी उसळी मारतं आणि मग जातं. गल्लीत येईल त्याला सांगायचे, लागू पडलं म्हणून. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली तर ब्लाउज खांद्यावरून घसरत होतं. हाताला हात लागला तर चटका बसला. मी तिला बाजूला घेतलं. "आक्का, सिव्हिलला जाऊन थुंकी तपासून घे. मी येते बरोबर."

"नगं, बाई. ह्यांचंच औषध चालू हाय."

"त्याने काय होणार आहे?"

"आन् मीच तिकडं गेले तर गल्ली काय म्हणंल? घरच्या माणसाचा इस्वास न्हाई म्हणतील. शिवाय पोरीचं बघायलोय. छातीचा रोग हाय असं कुणाच्या कानावर गेलं तर कोण दारात येतंय?"

मी आप्पांना सरळ तोंडावर सांगितलं. चिडले नाहीत, तेच तर वाईट. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आता मधीच इंग्लिश औषध दिलं तर रोग दबतोय आत. जरा दम धरा." माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. हा माणूस बायकोवर जीव टाकणारा. बाजारातनं येताना तिच्यासाठी कुंदा आणायचा, आणि तिला गोड खाववत नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो कुंदा ती गुपचूप आमच्याकडं आणून द्यायची.

प्रियदर्शनीला एका सुट्टीच्या दिवशी कळलं. मागच्या खोलीत टाकाऊ सुताच्या गुंडाळ्यांचा ढीग असतो, यंत्र पुसायला लागतात त्या. तळाच्या गुंडाळ्या रक्तानं लाल होत्या. पोरीनं आईला विचारलं नाही, बापालाही विचारलं नाही. रिक्षा बोलावली, आईला उचलल्यासारखं करून आत बसवलं आणि मला हाक मारली. आप्पा मागाचं बटण बंद करून धावत आले, पेटीसकट. रिक्षात ती पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

सिव्हिलमधली डॉक्टर तरुण होती, हुबळीकडची असावी. बायाक्काला धाप लागलेली, म्हणून तिनं आप्पांकडं वळून कन्नडात विचारलं, "एष्ट दिन आतु?" किती दिवस झाले.

"थंडीपास्नं," आप्पा म्हणाले.

कॉटवरून बायाक्कानं मान हलवली. "त्याच्या आधीपास्नं. दसऱ्यापास्नं."

डॉक्टरनं मग मराठीतच विचारायला घेतलं. घाम येतो का? आप्पा म्हणाले नाही. बायाक्का म्हणाली, पहाटे लुगडं भिजतंय. जेवण? आप्पा म्हणाले बरोबर आहे. बायाक्का म्हणाली, ताट वाढून घेत होते, मग मांजराला. तहान? आप्पांनी यावेळी तोंडच उघडलं नाही.

"लई," ती म्हणाली. "उठून उठून पीत होते. गार पाणी."

डॉक्टर लिहीत होती. आप्पा बायकोकडं बघत उभे होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढी चिडलेली मी, पण तेव्हा मलाच रडू आलं.

टीबी होता. दोन्ही फुप्फुसं गेलेली. औषधं त्याच दिवशी सुरू केली, फुकट मिळतात ती, चार महिन्यांपूर्वीही फुकटच मिळाली असती. डॉक्टर हे बोलली नाही. मी बोलले, तिथंच वऱ्हांड्यात, मोठ्यानं. तिच्यापाशी मी एकटी असताना बायाक्कानं मला जवळ बोलावलं. मास्कमधून नीट ऐकू येईना, म्हणून वाकले.

"त्यांस्नी बोलू नका, बाई. मी रोज वाट बघत होते. सोप्यात बायका बसायच्या, हे त्यांस्नी इचारायचे, मी आतनं ऐकायचे. वाटायचं, एकदा मलाबी चटईवर बसवतील. इचारलं असतं तर समदं सांगितलं असतं."

"आपण होऊन सांगायचं की गं."

"आपण होऊन कसं सांगायचं?" ती म्हणाली.

महाशिवरात्रीच्या आधी ती गेली. प्रियदर्शनीची आणि आप्पांची तपासणी झाली. दोघंही सुटली, तेवढी देवाची कृपा. पेटी आप्पांनी कुणाला दिली की टाकली, ठाऊक नाही. कुणी खोकत आलं तर दारातूनच सिव्हिलला जा म्हणतात. लोक दोन-चारदा आले, मग यायचे बंद झाले.

ते मात्र आमच्याकडं येतात. माग बंद झाला की येऊन ओट्यावर बसतात, आणि विचारतात. तिला शेपूची भाजी आवडायची का? माहेरची आठवण काढायची का? मला घाबरायची का ती? मी सांगते. गोड नको व्हायचं, कुंदा मला आणून द्यायची, ते सांगितलं. तिचा दिग्विजय नावाचा भाऊ लहानपणी गेला होता, त्याचं नाव निघालं की गप्प व्हायची, तेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकतात, मध्येच थांबवून पुन्हा नीट विचारतात. राग येतो मला. पण दारातून उठवत नाही.

परवा येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, ती कुठल्या कुशीवर झोपायची?"

"ते मला कसं ठाऊक असणार, आप्पा?" मी म्हणाले. "शेजारी तुम्ही झोपत होता."